पोट्ट्यानं 'केमिकल' घेतलं असंल तर गावात काय पाहायचं, काय करायचं

आपल्याकडं जवान पोरगं अचानक येड्यासारखं करायला लागलं, घामानं भिजलं, डोळे मोठे करून भिंतीकडंच पाहत बसलं, की घरच्यांच्या डोक्यात ठरलेल्या गोष्टी येतात. फवारणीचं औषध पोटात गेलं असंल, नाहीतर कोणी भांगेत धोतरा टाकून पाजला असंल, आणि आजीबाई घरात असली तर बाहेरची बाधा. पण आता अजून एक शक्यता धरावी लागते, पोरं शिकायला नागपूर-पुण्याला जातात, दिवाळीत नाहीतर उन्हाळ्यात घरी येतात, आणि बॅगेत कपड्यांच्या घडीत नशेच्या पावडरीची छोटी झिपवाली पुडी पण येते, तिच्यावर इंग्रजी अक्षरं आणि आकडे लिहिलेले, मायबापाला वाटते कॉलेजचं प्रॅक्टिकलचं सामान असंल. मी तालुक्याच्या गावी मेडिकल स्टोअरमध्ये बसतो, डॉक्टर नाही, पण औषधं अंगात जाऊन काय करतात ते शिकूनच काउंटरमागं बसलोय, म्हणून हे लिहितो. कसं घ्यायचं, किती घ्यायचं हे शोधत आला असाल तर ते इथं मिळणार नाही. हे त्याच्या भावासाठी, मित्रासाठी, आशाताईसाठी आहे, म्हणजे त्या रात्री जो शुद्धीत आहे त्याच्यासाठी.

आधी हे आहे काय ते समजून घ्या, कारण ते समजलं की पुढचं अर्धं काम आपोआप सुचते. या पावडरींच्या खानदानाचं नाव ट्रिप्टामाइन. दूध, शेंगदाणा, डाळ यातून आपल्याला ट्रिप्टोफॅन मिळते, शरीर त्याच्यापासून मेंदूत निरोप पोचवणारं सेरोटोनिन बनवते, आणि सेरोटोनिन स्वतःच एक ट्रिप्टामाइन आहे. झोप आणणारं मेलाटोनिन पण त्यातलंच. अर्धशिशीसाठी आम्ही सुमाट्रिप्टानची गोळी देतो तीही याच सांगाड्यावर बनवलेली, आणि ती खाऊन कोणालाच भिंत हलताना दिसत नाही, म्हणजे सांगाडा एकच असला तरी तो डोक्यात कुठं जाऊन बसतो त्यावर सगळं अवलंबून आहे. सेरोटोनिनचे रिसेप्टर, म्हणजे पेशीवर ते जिथं जाऊन बसते त्या जागा, चौदाएक प्रकारचे आहेत, सुमाट्रिप्टान त्यातल्या १बी आणि १डी वर काम करते, आणि नशेची ट्रिप्टामाइनं मुख्य म्हणजे २ए नावाच्या रिसेप्टरवर बसतात. हा २ए मेंदूच्या वरच्या थरात, जिथं दिसणं-ऐकणं-विचार सगळं एकत्र जुळते, तिथं दाटीनं असतो. तो नको तितका चालू झाला की डोळ्यातून आलेलं आणि डोक्यानं स्वतः रचलेलं यातली हद्द पुसट होते, रंग भडक दिसतात, फरशीची डिझाइन सरकते, पाच मिनिटं तासाएवढी लांबतात.

यातलं एक जुनं नाव डीएमटी, कॅनडात रिचर्ड मॅन्स्के यांनी १९३१ साली ते प्रयोगशाळेत बनवलं, पण ते माणसावर काय करते हे पंचवीस वर्षं कोणाला माहीत नव्हतं, हंगेरीच्या स्टीफन सारा नावाच्या डॉक्टरनं १९५६ च्या सुमारास स्वतःवर घेऊन पाहिलं तेव्हा कळलं. एएमटी नावाचं दुसरं एक १९६० च्या दशकात डिप्रेशनचं औषध म्हणून तपासलं गेलं, सोव्हिएत रशियात ते इंडोपान नावानं विकलंही जायचं. त्याचा जवळचा भाऊ इथिलट्रिप्टामाइन, ते अमेरिकेत मोनेज नावानं १९६१ ला बाजारात आलं आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायक कमी होतात असं दिसल्यावर १९६२ ला परत घेतलं. आणि ५-एमईओ-डीआयपीटी हे कॅलिफोर्नियाच्या अलेक्झांडर शुल्गिन या केमिस्टचं, १९८० मध्ये त्याच्यावर पेपर आला. त्याच्यासोबतच डीआयपीटी होतं, त्याची गंमत अशी की ते डोळ्यापेक्षा कानावर जास्त काम करते, ओळखीच्या माणसाचा आवाज खोल, जाड ऐकू येतो. गंमत मी म्हणतोय, पण रात्री दोनला पोराला स्वतःच्या मायचा आवाज राक्षसासारखा ऐकू येत असंल तर तो तिला दूर ढकलंल, आणि घरच्यांना वाटंल पोरगं हातचं गेलं.

वेळेचा हिशोब लक्षात ठेवा, हा लय कामाचा आहे. डीएमटी ओढलं तर मिनिटाभरात चढते आणि अर्ध्या तासात बहुतेक उतरते, तेच नुसतं गिळलं तर जवळपास काहीच होत नाही, कारण आतड्यात आणि लिव्हरमध्ये एमएओ नावाचं एन्झाइम बसलेलं असते ते त्याला तिथंच मोडून टाकते. सायलोसिनच्या घरातली, म्हणजे मशरूमवाल्या पदार्थाची कारखान्यात बनवलेली भावंडं पोटातून घेतली तर चार ते सहा तास. ५-एमईओ-डीआयपीटी चार ते आठ तास. आणि एएमटी बारा तासांपासून चोवीस तासांपर्यंत चालते, वर ते चढायलाच दोन-दोन, तीन-तीन तास घेते. खरा घोळ इथंच होतो, पोराला वाटते काही झालंच नाही, माल बोगस निघाला, म्हणून तो अजून घेतो, आणि मग दोन्ही एकदम अंगावर येतात. म्हणून त्याला विचारायचं झालं तर "कधी घेतलं" एवढंच विचारू नका, "मंग परत केव्हा घेतलं" हेही विचारा.

पुडीवर जे नाव असते ते खरंच असंल याची कोणी गॅरंटी देत नाही. एका पावडरीचं जे प्रमाण चालते ते दुसऱ्या पावडरीचं दसपट ठरते, दिसायला दोन्ही पांढऱ्या. स्टॅम्पसारख्या कागदावर एलएसडी म्हणून एनबीओएम नावाचं भलतंच केमिकल विकलं गेलंय आणि त्यानं जगभर माणसं मेलीत. आणि आपण लघवी तपासायची जी पट्टी विकतो, तिच्यात ट्रिप्टामाइन बहुतेक दिसतच नाही. पट्टी निगेटिव्ह आली म्हणजे पोरगं खोटं बोलतं किंवा त्यानं काही घेतलंच नाही, असं धरू नका.

आता मुख्य काम. तुमच्यासमोर पोरगं आहे, त्यानं काय घेतलं ते माहीत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसच्या आसपास शेतकरी-मजूर विषबाधेनं गेले, तेव्हापासून आपल्याकडं आशाताईलाही फवारणीच्या विषाची लक्षणं पाठ आहेत, त्याच पाठांतरावर हे बसवतो. तीन जागा पाहायच्या, डोळा, कातडी आणि बोलणं.

डोळा. मोबाइलचा टॉर्च थेट डोळ्यात खुपसू नका, कानाच्या बाजूनं आणा आणि एक सेकंद पाहून बाजूला घ्या. फवारणीच्या विषात, म्हणजे मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस असल्या ऑरगॅनोफॉस्फेटमध्ये, बाहुली बहुतेक वेळा टाचणीच्या टोकाएवढी बारीक होते. धोतऱ्यात ती एवढी मोठी होते की रंगाची फक्त कड उरते, आणि टॉर्च आणला तरी हलत नाही. ट्रिप्टामाइनमध्ये पण मोठी होते, पण उजेड पडल्यावर थोडी का होईना आखडते.

कातडी. विषबाधेत घाम, लाळ, डोळ्याला पाणी, नाकाला पाणी, उलटी, जुलाब, सगळीकडून पाणीच पाणी, छातीत खरखर वाजते, तोंडाला रॉकेलसारखा नाहीतर लसणासारखा वास येऊ शकतो. धोतऱ्यात बरोब्बर उलटं, काख कोरडी, जीभ कोरडी चिकटलेली, अंग गरम आणि लाल, लघवी अडकून ओटीपोट फुगलेलं. काखेत हात घालून पाहा, लाजायचं काम नाही, धोतरा आहे की नाही हे सांगायला याच्याएवढी सोपी खूण दुसरी नाही. ट्रिप्टामाइनवाल्याला घाम येतो, काख ओली लागते, सुरवातीला मळमळ-उलटी होते, जबडा आवळतो, हात थरथरतात, नाडी जोरात पळते, पण लाळेचा पूर वाहत नाही आणि छाती खरखरत नाही.

बोलणं. त्याचं नाव विचारा. "तुह्यं नाव काय, कोण्या गावचा होय तू, हे कोण बसले इथं?" ट्रिप्टामाइनवाला बहुतेक वेळा उत्तर देतो, उशिरा देईल, मधेच हसंल किंवा रडंल, पण देतो, आणि त्याला कुठंतरी माहीत असते की मी काहीतरी घेतलंय म्हणून असं दिसून रायलं. धोतरावाल्याला ते भान नसते, तो खोलीत नसलेल्या माणसाशी गप्पा मारतो, हवेतून काहीतरी वेचतो, नसलेली बिडी ओढतो, तुम्ही हाक मारली तर तुमच्याकडं पाहतच नाही. लय जास्त घेतलं असंल तर ट्रिप्टामाइनमध्येही भान सुटते, म्हणून नुसत्या बोलण्यावर ठरवू नका, तिन्ही जागा मिळूनच पाहा.

हे ओळखण्यात एवढा वेळ का घालवायचा, तर तिघांचे इलाज एकमेकांच्या आड येतात. विषबाधेत डॉक्टर अॅट्रोपिन देतात, आणि धोतऱ्यात मुळात अॅट्रोपिनच असते, म्हणजे तिथं ते पुन्हा देणं आगीत तेल. खवळलेल्या माणसाला शांत करायला प्रोमेथाझिनचं इंजेक्शन लय ठिकाणी टोचतात, त्याचा गुण पण धोतऱ्यासारखाच कोरडं करायचा. काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतील, आपण फक्त "डोळे मोठे, काख ओली, नाव सांगते, घेऊन तीन तास झाले" एवढं नीट सांगितलं तरी त्यांचा अर्धा तास वाचतो. आणि शंका राहिली, गोठ्यात नाहीतर वावरात औषधाचा डबा उघडा सापडला, तर विषबाधाच धरून निघा, घरी थांबून अजून लक्षणं पाहत बसू नका.

बरं, समजा ट्रिप्टामाइनच वाटते, पोरगं बोलतं, श्वास नीट आहे, ताप नाही. मग निम्मं काम त्याला एका जागी ठेवायचं आहे. या पदार्थांनी नुसत्या रसायनानं मरण येणं तसं कमीच, माणूस जातो तो काहीतरी करून बसतो म्हणून. आपल्याकडं वावरात बिनकठड्याच्या विहिरी आहेत, गच्चीला कठडा नाही, गाडीची चावी खुंटीला लटकलेली असते. म्हणून पहिली चावी काढा आणि दुसऱ्याच्या खिशात टाका. विळा, कुऱ्हाड, कोयता, फवाऱ्याची औषधं त्या खोलीतून बाहेर. त्याला अंगणात ठेवू नका, आतल्या खोलीत, जमिनीवर सतरंजी टाकून, खाटेवरही नको. टिपेश्वर-पांढरकवड्याच्या बाजूच्या, वाघाच्या पट्ट्यातल्या गावात असाल तर रात्री पोट्टं बांधावरून रानात शिरलं की पुढचं सांगायला नको.

खोलीत एक नाहीतर दोन माणसं, ती पण त्याच्या विश्वासाची. मोठा भाऊ चिडका असंल तर त्याला बाहेर बसवा, मामा किंवा मित्र आत. ट्यूबलाइट बंद करून बारीक उजेड ठेवा, टीव्ही बंद, मोबाइलचं शूटिंग तर अजिबात नाही, गावात तो व्हिडिओ सकाळपर्यंत सगळ्या ग्रुपवर फिरलेला असतो आणि पोरगं आयुष्यभर मान वर करत नाही. आवाज खालचा ठेवा. "घाबरू नोको, तू औषध घेतलं म्हणून असं होऊन रायलं, थोड्या वेळानं उतरते, मी इथंच हाओ," हे तेच तेच शंभरदा सांगावं लागलं तरी चालते, त्याला मागच्या मिनिटाचं आठवत नसते. भिंतीवर साप दिसतो म्हणाला तर साप नाही म्हणून भांडू नका, आणि हो हो आहे म्हणून त्यात भरही घालू नका. दुसऱ्या खोलीत न्या, गाणं बदला, हातात पाण्याचा गिलास द्या. जागा बदलली की कित्येकदा विचारही बदलतो.

उपदेश त्या रात्री नको. "तुह्या बापानं कर्ज काढून शिकवलं आन् तू हे धंदे करतं" हे वाक्य खरं असंल, पण त्या अवस्थेत ते त्याच्या डोक्यात दसपट मोठं होऊन फिरत राहते आणि तिथून जीव द्यायच्या विचारापर्यंत जायला वेळ लागत नाही. बापाला चहा पाजून ओसरीवर बसवा.

आता काय करू नका. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, ते फुप्फुसात गेलं नाहीतर मीठच अंगात वाढलं तर नवीन दुखणं. लिंबू, लोणचं, ताक यानं ही नशा उतरत नाही, लिंबू २ए रिसेप्टरवरून काहीच हटवत नाही. वरून दारू पाजून झोपवायचा विचारही नको, गांजानं तर भीती वाढते. दोरीनं खाटेला बांधू नका, बांधलेला माणूस सुटायला जोर लावतो, त्या जोरानं अंग तापते, आणि आपल्या मे महिन्यात, जिथं चंद्रपूर-ब्रह्मपुरीला पारा ४५ च्या वर जातो आणि पत्र्याची खोली रात्रीही भट्टीसारखी असते, तिथं हेच तापणं जीव घेते. आणि मांत्रिक, देवरुषी, भूमका यांच्याकडं नेऊ नका. मला माहीत आहे हे लिहायला सोपं आहे, घरात चार बायका "अंगात आलं, कुंकू लावा" म्हणत असतात तेव्हा जमत नाही. मग एक करा, भांडू नका, अंगारा लावायचा तर घरीच लावू द्या, पण पोराला घराबाहेर नेऊ देऊ नका, चटके-मिरचीची धुरी होऊ देऊ नका. चटके, धुरी, मारहाण करून भूत उतरवणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे, हे एकदा मोठ्यानं सांगितलं की बाबा स्वतःच पिशवी उचलतो.

आता जिथं जीवाला खरा धोका आहे ते. पोरगं आधीपासून काय गोळ्या खाते ते शोधा. डोकं दुखते, झोप येत नाही, परीक्षेचं टेन्शन म्हणून एस्सिटालोप्राम, फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन आता तालुक्यातही रोज विकतो आम्ही. पाठदुखीला ट्रामाडोल. खोकल्याच्या सिरपमध्ये डेक्स्ट्रोमेथॉर्फन. आणि आपल्या भागात ज्याचा विचार कोणी करत नाही ते म्हणजे टीबी, औषधांना दाद न देणाऱ्या टीबीसाठी लिनेझोलिड देतात आणि ते अँटिबायोटिक असूनही एमएओ अडवते. ही सगळी औषधं सेरोटोनिनशी खेळतात. कालव्याचं पाणी वावरात येत राहिलं आणि खालून निचऱ्याचं तोंड बुजलं तर काय होते ते शेतकऱ्याला सांगायची गरज नाही, तसं ट्रिप्टामाइन वरून येते, आणि एमएओ अडवलेलं असंल तर मोडायची वाट बंद, मग सेरोटोनिनचा जोर साचत जातो. एएमटी तर स्वतःच एमएओ अडवते, म्हणून ते कोणत्याही दुसऱ्या गोळीसोबत जास्त घातक. ५-एमईओवाल्या पावडरी एमएओ अडवणाऱ्या औषधासोबत घेऊन माणसं दगावल्याच्या नोंदी आहेत. लिथियम, म्हणजे मूडच्या आजाराची गोळी, चालू असलेल्या पेशंटला यानं झटके येऊ शकतात. आणि डिप्रेशनच्या गोळ्या चालू असल्या की कधी कधी नशाच कमी जाणवते, म्हणून पोरगं मात्रा वाढवते, असाही फेरा आहे. गोळ्यांची स्ट्रिप सापडली तर नाव वाचायच्या भानगडीत पडू नका, स्ट्रिपच उचलून खिशात टाका, दवाखान्यात दाखवा.

सेरोटोनिनचा जोर असा साचला की त्याला सेरोटोनिन सिंड्रोम म्हणतात आणि त्याची एक खूण घरी पाहता येते. पोराला उताणं झोपवा, गुडघा थोडा वाकवून खालून हाताचा आधार द्या, दुसऱ्या हातानं पायाचा पंजा धरा आणि एका झटक्यात वर, नडगीकडं ढकलून तसाच दाबून ठेवा. पाऊल आपोआप टक-टक-टक असं मागं-पुढं उडत राहिलं, एक-दोनदा नाही, उडतच राहिलं, तर डोकं न लावता १०८ ला फोन. डोळ्याची बुबुळं आपोआप इकडं-तिकडं सरकत असतील, पाय लाकडासारखे ताठ झाले असतील, तरी तेच. थर्मामीटर लावा, १०२ च्या वर जात असंल तर निघायची तयारी, १०४ म्हणजे एक मिनिटही थांबायचं नाही. यात पॅरासिटामॉलचा उपयोग नाही, कारण हा ताप स्नायू आखडून आखडून तयार होतो, मेंदूनं चढवलेला नसतो. कपडे सैल करा, अंगावर साधं पाणी शिंपडा, कूलर-पंखा जोरात लावा, काखेत आणि जांघेत ओली फडकी ठेवा. लाइट गेली असंल तर पुठ्ठ्यानं वारा घाला, पण घालत राहा.

इथं आमच्या दुकानातली एक गोष्ट सांगतो. लेकराला भूक लागावी म्हणून जे सिप्रोहेप्टाडिनचं सिरप गावोगाव खपते, तेच औषध दवाखान्यात सेरोटोनिन सिंड्रोमला वापरतात, ते सेरोटोनिनचे रिसेप्टर अडवते. आता हे वाचून कोणी घरी बाटली उपडी करू नका, त्याचा थोडा गुण धोतऱ्यासारखा पण आहे, आणि तुमचं निदान चुकलं असंल तर उलटं होईल. पण तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मागितलं तर ते समोरच्या मेडिकलमध्ये सापडते, नागपूरहून मागवावं लागत नाही, हे माहीत असलेलं बरं. मुख्य इलाज मात्र लोराझेपाम-डायझेपामसारखी इंजेक्शनं, सलाईन आणि अंग थंड करणं, ते ग्रामीण रुग्णालयात होते.

दवाखान्यात लगेच न्यायचं ते कधी, तर वरचं पायाचं लक्षण, ताप, झटका आला, छातीत दुखते म्हणाला, श्वास घोरल्यासारखा झाला, हलवून उठत नाही, स्वतःला किंवा दुसऱ्याला मारायला धावतो, किंवा काय घेतलं ते कोणालाच माहीत नाही. बेशुद्ध असंल तर डाव्या कुशीवर वळवा, तोंड थोडं खाली, म्हणजे उलटी घशात अडकत नाही. पुडी, कागद, बाटली, उलटीत आलेलं काही, सगळं पिशवीत घालून सोबत न्या. रस्त्यात असताना एम्स दिल्लीच्या विष माहिती केंद्राचा नंबर लावता येतो, १८०० ११६ ११७, चोवीस तास असतो, डॉक्टरही तिथं विचारतात.

लोक पोलिसांच्या भीतीनं दवाखाना टाळतात, ते समजते. डीएमटी, डीईटी, सायलोसिन, सायलोसायबिन ही १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीत आहेत, कलम २७ खाली सेवनासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पण त्याच कायद्यात ६४ए कलम आहे, व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला तर सेवनाच्या किंवा थोड्या प्रमाणाच्या गुन्ह्यात त्याला सवलत मिळते. दवाखान्यात एमएलसी होईल, म्हणजे पोलीस चौकीला कळवलं जाईल, हे खरं आहे, पण त्यासाठी इलाज थांबवता येत नाही, परमानंद कटारा खटल्यात सुप्रीम कोर्टानं १९८९ लाच सांगून ठेवलं की जीव वाचवणं आधी, कागद नंतर. कोणी आधी पोलिसाची चिठ्ठी आणा म्हणालं तर हे नाव घ्या. डॉक्टरशी मात्र खोटं बोलू नका, "काही खाल्लं नाही साहेब, उन लागलं" म्हणालात तर ते उष्माघात धरून चालतील आणि रात्र वाया जाईल.

उतरल्यावर काय. दुसऱ्या दिवशी पोरगं गळून गेलेलं असते, डोकं जड, झोप कमी, कधी उगाच रडू येते. भात-वरण, पाणी, झोप, एवढंच. यांचं शरीराला तसं व्यसन लागत नाही, दारूसारखी सकाळी हात थरथरायची तलब नसते, आणि लागोपाठ दुसऱ्या दिवशी घेतलं तर बहुतेकांचा असरही फार होत नाही, रिसेप्टर बधिर होतात. म्हणून "पोरगं कायमचं वाया गेलं" असं धरून लगेच व्यसनमुक्ती केंद्रात टाकायची घाई करू नका, तिथं काय चालते ते न पाहता तर अजिबात नको. आधी बोला, पण दोन दिवस जाऊ द्या. बोलायला घरचं माणूस कमी पडत असंल तर १४४४६ हा सरकारी व्यसनमुक्ती नंबर आहे, आणि मनाच्या त्रासासाठी टेलि-मानस १४४१६, मराठीत बोलता येते.

दोन गोष्टींवर मात्र महिनाभर नजर ठेवा. एक, घरात कोणाला, काका-आत्या-आजोबा कोणालाही, डोक्याचा आजार होता का, कोणी स्वतःशी बोलायचं, संशय घ्यायचं, घर सोडून जायचं असं होतं का. अशा घरातल्या पोराला या पदार्थांनी दबलेला आजार वर येऊ शकतो. नशा उतरून तीन-चार दिवस झाले तरी आवाज ऐकू येत असतील, जेवणात विष टाकलं म्हणत असंल, रात्र रात्र जागत असंल, तर ते औषधाचं राहिलं नाही, मनोविकार तज्ज्ञाला दाखवायचं. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मानसिक आजाराची ओपीडी असते, सेवाग्रामला आहे, नागपूरच्या मेडिकलला आहे, लवकर नेलं तर गोळ्यांनी चांगलं सावरते. दुसरी, काही जणांना नंतर आठवडे-महिने नजरेत बारीक चमक, हललेल्या वस्तूमागं रेघ, पांढऱ्या भिंतीवर मुंग्यांसारखं दिसत राहते. डोळ्याचा चष्मा बदलून ते जात नाही, आणि पोरगं लाजेनं सांगत नाही, म्हणून आपणच विचारायचं, आणि तेवढे दिवस ट्रॅक्टर, गाडी आणि थ्रेशरवरचं काम दुसऱ्याला द्यायचं.